हळ्ळ आणि हळ्ळी

तुमच्या घरातलं कुणी तापात भलतंसलतं बोलत असेल आणि तुम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर बसून हे वाचत असाल, तर आधी खाली जाऊन चहा पिऊन या. आजारी माणसापेक्षा बाकड्यावरचं माणूस जास्त वाळतं, हे मी माझ्या घरच्यांचे चेहरे बघून सांगते. चहा झाला की वाचा. मी त्या तापातून परत आलेली बाई आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं काही सांगणार नाही. तिथं कसं असतं, आणि आपण तिथं असताना आपल्या मागे काय काय होऊन बसतं, ते मात्र सांगू शकते.

ओढा

माझं नाव महानंदा. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, शहर संपता संपता जी नवी नगरं उठली आहेत त्यातल्या एकात आमचं घर आहे. आम्ही पाच माणसं. मी, आमचे हे म्हणजे मल्लिनाथ, मुलगा सिद्धू, सून प्रीती आणि सात वर्षांची नात ईश्वरी. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. माझं माहेर मैंदर्गी. तिथं घरात कन्नड. सासर बार्शीकडचं, सगळा मराठी कारभार. लग्नानंतर मी इतकी वर्षं मराठीत भांडले, मराठीत हिशेब केले, मराठीतच स्वप्नं पाहिली. सिद्धूला कन्नडचे चार-दोन शब्द येतात, त्यातले निम्मे शिव्या.

माहेरची एक गोष्ट मात्र मी सोडली नाही, ती म्हणजे गुळ्ळव्वा. आषाढातल्या दर मंगळवारी ओढ्याची चिकण माती आणायची, तिची बसकी देवी करायची, तिच्या अंगावर करडईचे पांढरे दाणे आणि लाल गुंजा टोचायच्या, आणि पोरींनी तिला ताटात घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरायचं. गेल्या आषाढात ईश्वरीला हे सगळं भारी आवडलं. आजूबाजूच्या पोरी तिनंच गोळा केल्या आणि स्वतःच पुढारी होऊन बसली.

माती आणायला आम्ही घरामागच्या ओढ्यावर गेलो. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा हा ओढा आषाढातसुद्धा कोरडा असायचा. पोरं त्यात क्रिकेट खेळायची. आता वरच्या अंगाला कालव्याचं पाणी आलं, उसाचे फड उभे राहिले, खालून वस्त्यांचं सांडपाणी मिळालं, आणि ओढा बारमाही झाला. पाणी तसं वाहत नाही, नुसतं असतं. त्यावर हिरवी साय, कडेला पाणकणसं, चिखलात डुकरं, आणि पलीकडच्या बाभळीवर बगळे.

आम्ही गेलो तेव्हा दिवस मावळत होता. बगळे एकेक करून येत होते आणि बाभळीवर बसत होते. एवढे पक्षी, पण आवाज म्हणून नाही. डुकरांनी खाणं थांबवून माना वर केल्या आणि आमच्याकडे बघत राहिली. ईश्वरीनं माझा पदर धरला.

"आज्जी, ती बघायलेत."

"बघू दे की. आपण त्यांच्या घरातली माती चोरायलोय न्हवं."

मी हसण्यावारी नेलं, पण मलाही तिथं जास्त वेळ बसावंसं वाटेना. तिला धीर यावा म्हणून मी गुळ्ळव्वाचं गाणं म्हणत माती काढली, आणि आम्ही घरी आलो.

हात

दुसरा मंगळवार होऊन गेला आणि मला ताप आला. ताप काय, येतो-जातो. मी एक गोळी घेतली आणि भाकरी थापायला बसले. डोकं असं दुखत होतं की आतून कुणीतरी भिंत खरवडतंय. थापता थापता माझा हात थांबला. परातीत पीठ होतं, पिठावर हात होता, बांगड्या माझ्याच होत्या. पण तो हात माझा आहे हे मला काही केल्या पटेना. मी त्याच्याकडे बघत बसले. प्रीती म्हणते, मी बराच वेळ तशी बसले होते आणि तवा धुरकटला तरी हलले नाही.

"आत्या, भाकरी करपली की," ती म्हणाली. माझी सून मला आत्या म्हणते. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, आणि ते ऐकून तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मी कन्नडात बोलले होते. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या तोंडून तिनं कन्नड फक्त फोनवर, तेही भावाशी बोलताना ऐकलं होतं.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. रिक्षाचं छत. सिद्धूची हनुवटी. नंतर काहीच नाही.

जपान

हा भाग घरच्यांनी सांगितलेला आहे. मी तिथं होते, पण नव्हते.

आधी डेंग्यू धरून चालले होते. आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन रांजण, टाकी, कुंड्या बघून गेली. सगळं स्वच्छ निघालं. मला झटके यायला लागले तेव्हा मोठ्या दवाखान्यात हलवलं. मणक्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी यांना आणि सिद्धूला आत बोलावून सांगितलं की हा जपानी मेंदूज्वर आहे.

आमचे हे सरळ माणूस. म्हणाले, "डाक्टर, जपानला कोन गेलंय? आमी पुणं बघितलं न्हाय धड."

डॉक्टर हसले नाहीत. डासांमुळे होणारा आजार आहे, त्यांनी समजावलं. भाताच्या मुलखात, पाणथळ भागात असतो. आपला जिल्हा कोरडा, इथं आजवर आमच्या बघण्यात आलेला नाही. त्यामुळे पेशंटनं तो बाहेरून आणला असणार. कुठून आणला ते कळलं पाहिजे, कारण जिथून आणला तिथं आणखी माणसं असतील, लहान मुलं असतील, आणि मुलांना हा सोडत नाही.

म्हणजे प्रश्न एकच होता, मी कुठं गेले होते? आणि त्याचं उत्तर ज्या डोक्यात होतं त्याच डोक्याला सूज आली होती.

पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. डासांचा अभ्यास करणाऱ्या. आम्ही त्यांना डासवाल्या मॅडमच म्हणतो, त्याही म्हणवून घेतात. त्यांनी घरच्यांना विचारलं, पंधरा-वीस दिवसांत या बाहेर कुठं गेल्या होत्या का? कुणाला आठवेना. ओढा कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. घराच्या मागे जाण्याला कुणी 'बाहेर जाणं' म्हणतं का? शेवटी सिद्धू माझ्या कानाशी वाकून ओरडला, "आई, कुटं गेली हुतीस? कुटं?"

मी डोळे उघडले म्हणे. आणि जड जिभेनं म्हणाले, "हळ्ळ."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "हळ्ळ... होगिद्दे."

'होगिद्दे' म्हणजे गेले होते, हे सिद्धूला माहीत होतं. आणि 'हळ्ळी' म्हणजे खेडं, गाव, हेही त्याला आजीकडून माहीत होतं. त्यानं मॅडमना सांगितलं, "गावाला गेलेली, म्हणायली. मैंदर्गीला. मामाकडं." आणि खरंच, आषाढ लागता लागता मी एक दिवस भावाकडे जाऊन आले होते. सगळं जुळलं. मॅडमची गाडी मैंदर्गीला निघाली.

हळ्ळी म्हणजे गाव. हळ्ळ म्हणजे ओढा. माझी जीभ तेव्हा इतकी जड होती की तिच्यावरून एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर दोष कुणाला द्यायचा?

परकी माणसं

आता माझ्या बाजूचं सांगते.

मी ओढ्यावर होते. तापाचे सगळे दिवस मी तिथंच बसून होते. पाणी काळं होतं, दिवस मावळत होता आणि मावळून संपतच नव्हता. बाभळीवर बगळे येत होते. येतच होते. झाड भरलं तरी येत होते. आणि माझ्या शेजारी ईश्वरी बसली होती, हात मातीनं भरलेले. मला तिला उठवून घरी न्यायचं होतं, पण ती माझ्याकडे वळून बघत नव्हती. मी हाका मारत होते. तिचं नाव मला येत नव्हतं. मी नुसतंच 'ए, ए' करत होते.

मधूनच त्या संध्याकाळीत माणसं यायची. वाकून माझ्या तोंडाकडे बघायची. त्यांच्यातला एक म्हातारा माझा हात धरून रडायचा, आणि मला वाटायचं, कुणाचा कोण हा, माझ्या हाताला का लागतोय? तो काहीतरी बोलायचा. ते बोलणं नव्हतंच. पाण्याखालून कुणी बडबडावं तसे आवाज होते. एकही शब्द कळत नव्हता. एक तरुण पोरगा यायचा, एक पोरगी यायची, तेच आवाज काढायचे. मला त्यांची भयंकर भीती वाटायची. ही माणसं मला इथं का आणून ठेवतायत आणि माझ्या पोरीला एकटीला ओढ्यावर का सोडलंय?

तो म्हातारा माझा नवरा होता. मराठी माझ्यातून पार निघून गेली होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं क्वचित होतं. आईच्या मांडीवरची भाषा खोल गेलेली असते, ती टिकते, नंतरची वाहून जाते. ते सहज बोलून गेले. पण पस्तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं बोलणं मला जनावरासारखं ऐकू आलं, हे मी यांना कधी सांगितलेलं नाही. इथं वाचतील तेव्हा वाचतील.

घरी वेगळंच चाललं होतं. शेजारच्या काकू प्रीतीला म्हणाल्या, "बाई, हे तापाचं न्हाय. हे भाईरचं हाय. दुसरंच कोनतरी बोलायलंय तिच्या तोंडातनं." बिचाऱ्या प्रीतीला आवाजही बदललेला वाटत होता. तो बदललाच होता. माझ्या भावानं नंतर सांगितलं की मी आमच्या अव्वासारखं, म्हणजे आमच्या गेलेल्या आईसारखं बोलत होते. तिचेच शब्द, तिचीच ओढून बोलायची ढब. प्रीतीनं काकूंना उंबऱ्यातूनच परत पाठवलं आणि मग मोरीत जाऊन रडली. ती माझी सून आहे आणि मी तिला एरवी फार बोलते, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नीरु

वॉर्डात एक सिस्टर होत्या. पद्मशाली, विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. माझ्या तोंडाची लाळ आटलेली असायची आणि मी 'नीरु, नीरु' करायचे. यांना वाटायचं मी कुणा नीराबाईला बोलावते आहे. सिद्धूनं नात्यातल्या सगळ्या नीरा आठवून बघितल्या. एक सापडलीसुद्धा. तिला फोन करून कळवलं, ती बिचारी वळसंगहून सफरचंदं घेऊन आली.

सिस्टरांच्या भाषेत पाण्याला 'नीळ्ळु' म्हणतात. त्यांनी एकदा ऐकलं आणि कापूस भिजवून माझ्या ओठांवर धरला. त्या ओल्या कापसाची चव मला अजून आठवते. त्या न संपणाऱ्या संध्याकाळीत कुणीतरी माझं म्हणणं पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या रोज ड्यूटी संपायच्या आधी माझे केस विंचरायच्या, आणि मी त्यांच्याशी कन्नडात, त्या माझ्याशी तेलुगूत अशा आम्ही गप्पा मारायचो. एकमेकींचं काय कळत होतं देव जाणे. पण त्यांना मी घाबरले नाही.

त्याच दिवसांत माझा भाऊ आला, बसवराज. त्याला बघून मी खूश झाले. त्याला सांगितलं, बसू, मी हळ्ळक्क गेले होते मातीला, पोरगी तिथंच राहिली, तिला घेऊन ये. हळ्ळक्क म्हणजे ओढ्याकडे. त्यानं शब्द बरोबर ऐकला. पण ओढा त्यानं आपला ऐकला, मैंदर्गीचा. लहानपणी आम्ही दोघं अव्वाबरोबर गुळ्ळव्वाची माती आणायला जायचो तो. 'पोरगी' म्हणजे त्याला मी लहानपणीची वाटले. त्याच्या डोळ्याला धारा लागल्या. "अक्का, आणतो हं तिला," म्हणाला, आणि गावी जाऊन मॅडमना थेट त्या ओढ्यावर घेऊन गेला. तिथं सापळे लावले. तिथल्या डुकरांचं रक्त तपासायला नेलं. मी सांगत होते ते खरं होतं आणि माझी माणसं ते मनापासून ऐकत होती, तरी गाड्या चुकीच्या पाण्यावर जात होत्या.

शेवटचा मंगळवार

मराठी परत आली ती दुपारच्या वेळी. हे खाटेशेजारी बसून केळ सोलत होते आणि स्वतःशीच पुटपुटले, "पंखा बंद पडला वाटतं." आणि ते मला कळलं. नुसतं कळलं. पंखा म्हणजे पंखा. मी वर बघितलं, पंखा खरंच बंद होता.

"मग उठून चालू करा की," मी म्हणाले.

त्यांच्या हातातलं केळ पडलं. माणूस असा रडला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सिद्धू आला, बसू बाहेर होता तो आला. सगळे एकदम बोलायला लागले. मीही बोलत होते, शब्द अडखळत, एखादा कन्नड मधे घुसत. बसूनं बोलता बोलता सांगितलं की मैंदर्गीच्या ओढ्यावर काही सापडलं नाही. सगळे डास बिनविषारी निघाले.

"मैंदर्गीला कशाला गेलावता?"

"तूच म्हणालीस की. हळ्ळी, गाव," सिद्धू म्हणाला.

"हळ्ळक्क म्हणालीस, अक्का," बसू म्हणाला.

मी दोघांकडे बघितलं. "अरे, गाव न्हाय. मैंदर्गीचा ओढा पण न्हाय. आपल्या मागचा ओढा. गुळ्ळव्वाच्या मातीला गेलते की मी. ईश्वरीला घेऊन."

मी विचारलं, "आज वार कुठला?"

"मंगळवार," हे म्हणाले. "आषाढाचा शेवटचा. का गं?"

"ईश्वरी कुठाय?"

सिद्धूनं घड्याळाकडे बघितलं, आणि तो काय सांगणार ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. "पोरींबरोबर मातीला गेली असंल. दर मंगळवारी जाती. आज्जी बरी व्हावी म्हणून गुळ्ळव्वा करायली, म्हणून प्रीतीनं अडवलं न्हाय."

इतके दिवस मी ज्या ओढ्यावर बसून तिला हाका मारत होते, तिथंच ती होती. खरीच होती. माझ्यासाठी देवी करायला. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. मरणाला घाबरले नव्हते तेवढी घाबरले. सिद्धूनं प्रीतीला फोन लावला आणि फोनवर तिचं धावणं ऐकू आलं. चपला, धाप, मग ईश्वरीच्या नावानं मारलेली हाक. आणि मग लांबून ईश्वरीचा आवाज, "थांब की गं मम्मी, अजून थोडीच माती हाय."

वाट बघणं

पुढच्या दिवसांबद्दल फार लिहिवत नाही. डास चावल्यापासून ताप यायला आठवडा-दोन आठवडेही लागतात, असं डॉक्टर म्हणाले. चावला असेल किंवा नसेल. चावला तरी त्या डासात तो आजार असेल किंवा नसेल. करायचं काय? काही नाही. बघत राहायचं.

मी घरी आले तेव्हा उजव्या हातात जोर नव्हता. भाकरी थापणं बंद. मी पलंगावर बसून पोरीकडे बघायचे. ती खेळताना थांबली की माझं काळीज थांबायचं. तिनं 'डोकं दुखतंय' म्हटलं, तर प्रीती थर्मामीटर घेऊन यायची आणि हे उठून बाहेर जायचे. तिनं एकदा गृहपाठ टाळण्यासाठी म्हटलं होतं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. घरात आम्ही एकमेकांशी चांगलं बोलणं विसरलो होतो. सिद्धू मला म्हणाला, "तुझं ते गुळ्ळव्वा-बिळ्ळव्वा!" आणि लगेच जीभ चावली. मला स्वतःलाच ते रोज म्हणावंसं वाटत होतं.

ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसायचे. तिच्या आत काही चाललेलं असेल, तर ते कसलाच आवाज करत नव्हतं.

सापळे

डासवाल्या मॅडम आमच्या ओढ्यावर आल्या. नेमकी जागा दाखवायला मी काठी टेकत गेले. प्रीतीनं मला पायापासून डोक्यापर्यंत मलम फासलं होतं आणि वर शाल गुंडाळली होती.

दिवस मावळायची वेळ. पाणी तसंच. मॅडमनी बाभळीच्या फांदीला दिव्याचा सापळा टांगला, आतल्या पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. त्यांचे लोक काचेच्या नळीनं जवळच्या गोठ्यातले, डुकरांच्या अंगावरचे डास अलगद ओढून घेत होते. बगळे यायला लागले होते. आवाज न करता, एकामागून एक.

"हा विषाणू मूळचा यांच्यात असतो," मॅडम बगळ्यांकडे बघून म्हणाल्या. "बगळ्यातून डासात, डासातून डुकरात, डुकरातून परत डासात. बगळा आजारी पडत नाही. डुकरंही फारशी नाहीत. पाणी जिथं साचतं तिथं हे सगळे पोचतात, आणि त्यांच्याबरोबर तोही."

"आन् मानूस?"

"माणसाचं त्याला काही काम नसतं, काकू. माणसातून तो पुढं कुठंच जाऊ शकत नाही. चुकून शिरतो."

मी पाण्याकडे बघितलं. एवढं सगळं माझ्या डोक्यात झालं, भाषा गेली, नवरा परका झाला, आणि ज्यानं ते केलं त्याचं माझ्याकडे काही कामच नव्हतं. मला यायच्या आधी वाटायचं, इथं उभं राहिले की राग येईल. राग आला नाही. अंगावर काटा आला तो मात्र घरी पोचेपर्यंत गेला नाही.

त्या सापळ्यांतल्या डासांत तो सापडला. मग आमच्या नगरातल्या पोरींचं रक्त घेतलं, माती आणायला जाणाऱ्या सगळ्यांचं. नंतर मुलांना लस द्यायला आरोग्य खात्याची माणसं आली. ओढा साफ करायचं काम सुरू झालं, अजून चालूच आहे, संपेल तेव्हा संपेल.

ईश्वरी

बाकीच्या पोरींच्या रक्तात काही निघालं नाही. ईश्वरीच्या रक्तात निघालं.

मॅडम स्वतः घरी सांगायला आल्या, आणि दारातूनच म्हणाल्या, "घाबरू नका, आधी पूर्ण ऐका." तो तिच्यात येऊन गेला होता. तिला तापसुद्धा आला नव्हता. तिच्या अंगानं त्याला गुपचूप ओळखून गुपचूप बाहेर काढलं होतं. बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं म्हणाल्या, कुणाला पत्ताच लागत नाही. आता तिला त्याच्यापासून भीती नाही. हे देवापुढे गेले. मी ईश्वरीला जवळ ओढलं, तर ती अंग चोरून उभी राहिली.

आम्ही तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो ना, ते दिवस ती आमच्यात हसत-खेळत होती, आणि तेव्हाच किंवा त्याच्याही आधी तो तिच्यातून चालत गेला होता. ते मला अजून नीट पचलेलं नाही.

त्यानंतर ती माझ्याजवळ यायची बंद झाली. हाक मारली तर यायची, पण दाराच्या चौकटीपर्यंत. मला वाटलं, आजारानं माझा चेहरा एका बाजूनं उतरलाय त्याला भीत असेल. एका दुपारी मी शेंगा निवडत बसले होते, डाव्या हातानं. ती येऊन समोर बसली. शेंगा निवडायला लागली.

"आज्जी, तो आधी माझ्याकडं आल्ता."

"कोन?"

"डास. ओढ्यावर. माझ्या हातावर बसलावता. चावला. मी फू केलं. तर तो उडून तुझ्या मानेवर जाऊन बसला. मी बघितलं." ती शेंगांकडेच बघत होती. "तू गानं म्हणायलीस, म्हणून मी सांगितलं न्हाय. मी मारायला पायजे हुतं."

तोच डास तो होता की दुसरा, हे जगातली कुठलीच मॅडम सांगू शकणार नाही. त्या ओढ्यावर हजारो होते. मी तिला हे सांगू शकत होते, आणि ते खरंच होतं. पण सात वर्षांच्या पोरीनं एवढे दिवस हे एकटीनं पोटात ठेवलं होतं. हजारोंचा हिशेब सांगून ते पोटातून निघालं नसतं. आणि मला खरं काय वाटत होतं ते वेगळंच होतं. त्यानं तिच्याकडून निघून माझ्याकडे यावं, एवढंच मी ओढ्यावर, दवाखान्यात, घरात, कन्नडात आणि मराठीत मागत आले होते.

मी तिचा हात हातात घेतला. माझ्या उजव्या हातात जेवढा जोर होता तेवढा लावून धरला.

"लई बरं केलंस," मी म्हणाले. "माझ्याकडंच पाठवायचं असतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "तू मरायली हुतीस, तरी?"

"तरी."